खेडे हा घटक : महाराष्ट्र एकीकरण समितीची वाटचाल

दरवर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात दोन मिरवणुका निघतात. एक कर्नाटक राज्योत्सवाची : लाल-पिवळे झेंडे, चित्ररथ, चन्नम्मा चौकातली गर्दी. दुसरी काळ्या दिनाची. ती संभाजी उद्यानापासून निघते. दंडाला काळ्या फिती, हातात काळे झेंडे, कोणी सायकलवर, कोणी पायी. गल्ल्यागल्ल्यांतून फिरत ती मराठा मंदिराकडे जाते आणि तिथं सभा होते. या फेरीला कधी परवानगी मिळते, कधी आदल्या रात्रीपर्यंत मिळत नाही, कधी परवानगी नाकारल्यावरही ती निघते आणि मग गुन्हे दाखल होतात. १९५६ साली याच दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि कारवारचा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून काळा दिन पाळायचा राहिलेला नाही.

ही फेरी काढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती ही मोठी वेगळी संस्था आहे. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांच्या वाटचालीत पायाभरणी असते, इमारत असते, रौप्यमहोत्सव असतो. समितीजवळ यातलं जवळपास काही नाही. निवडणुकीच्या मैदानातसुद्धा तिचे उमेदवार कागदावर अपक्ष असतात. दर वेळी नवं चिन्ह मिळतं आणि मतदानाला दोन आठवडे उरलेले असताना ते घरोघर पोचवावं लागतं. हा मराठी भाग महाराष्ट्रात जावा हा तिला हवा असलेला निर्णय तिच्या हातात कधीच नव्हता. तो दिल्लीच्या हातात होता, मग मुंबई-बंगळूरच्या, मग आयोगाच्या, आता सर्वोच्च न्यायालयाच्या. ज्या संस्थेला आपला मुक्काम कधी येणार हे एकदाही कळलेलं नाही, ती सत्तर वर्षं एका दिशेनं कशी चालत राहिली, हा प्रश्न मला सीमाप्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात एका साहित्य संमेलनात आहे. मे १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मुंबई, पुणे, नागपूर बाजूला ठेवून हा ठराव बेळगावात व्हावा, यात योगायोग कमी आणि काळजी जास्त होती. भाषावार प्रांत होणार हे दिसत होतं आणि काठावरच्या माणसाला रेघ कुठून जाणार याची धास्ती सर्वांत आधी लागते.

ती रेघ फाजल अली आयोगानं १९५५ च्या अहवालात सुचवली. चंदगड तालुका वगळून बाकीचा सगळा बेळगाव जिल्हा कर्नाटकात जावा, अशी ती शिफारस. चंदगडात मराठी भाषकांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होतं, म्हणून तो तोडून मुंबई राज्याला दिला गेला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. समितीचा सगळा युक्तिवाद बीजरूपानं इथंच आहे. जिल्हा तोडता येतो, भाषेवरून तालुका वेगळा काढता येतो, हे खुद्द आयोगानंच मान्य केलं होतं. मग चंदगडला लावलेली कसोटी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांना, चिकोडी तालुक्यातल्या निपाणी भागाला का लावली नाही? व्यापाराचे धागे, प्रशासनाची सोय ही उत्तरं मिळाली. ज्याच्या घरात, शेतात आणि देवळात मराठी होती, त्याला ती पटणं शक्य नव्हतं.

१६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी बेळगाव-निपाणी रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला. बेळगावात पैलवान मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी आणि निपाणीत कमळाबाई मोहिते मारल्या गेल्या. सीमाभागातला हुतात्मा दिन तेव्हापासून १७ जानेवारीचा. या यादीत पैलवान आहे, निपाणीची बाई आहे; पुढारी एकही नाही. समितीच्या पुढच्या इतिहासात नेते आले-गेले, भांडले, फुटले. पण या पाच नावांपुढे उभं राहून कोणालाही ‘आता पुरे’ म्हणता आलं नाही. चळवळीला हुतात्म्यांचा आधार असतो तसा धाकही असतो, आणि तो धाक समितीच्या फार उपयोगी पडलेला आहे.

तरीही केवळ भावनेवर सत्तर वर्षं निघत नाहीत. समितीला खरी दिशा मिळाली ती १९५७ नंतर, एका मोजपट्टीमुळे. आंध्र आणि मद्रास यांच्यातल्या सीमावादात ह. वि. पाटसकर यांनी मध्यस्थ म्हणून काही तत्त्वं मांडली होती : खेडे हा घटक धरावा, भाषिक बहुसंख्या पाहावी, भूभागाची सलगता पाहावी. लोकेच्छेची जोड देऊन समितीनं आणि मुंबई सरकारनं तीच तत्त्वं उचलली. मुंबई सरकारच्या निवेदनात मराठी बहुसंख्येची ८१४ गावं मागितली होती आणि त्याच मापानं अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांतली कन्नड बहुसंख्येची २६० गावं द्यायची तयारी दाखवली होती. सीमाप्रश्नावर बोलणाऱ्या पुष्कळांना या दुसऱ्या आकड्याची आठवण राहत नाही. मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. आपल्याला काय हवं हे कोणीही सांगतो. ज्या मापानं मागायचं त्याच मापानं द्यायला तयार असणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे ‘आमचं भांडण कन्नडशी नाही’ हे समितीचं वाक्य नुसतं सभ्यतेचं राहिलं नाही, त्याला हिशेबाचा आधार आला. बेळगावच्या कितीतरी घरांत आई मराठी बोलते आणि सून कन्नड. बाजारात तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात. या गावात भाषेचा द्वेष करून कोणालाच जगता येत नाही.

याच काळात समितीची रचनाही घडली. बेळगाव शहराची एक समिती, तालुक्याची एक, खानापूरची, निपाणीची. या सगळ्या घटक समित्या आणि त्यांच्या वर मध्यवर्ती समिती. शहरात गल्लीची पंचमंडळं, खेड्यात गावची बैठक. उमेदवार कोण, मोर्चा कधी, वर्गणी किती, हे तिथं ठरायचं. शेतकरी कामगार पक्षाचे, कम्युनिस्ट, समाजवादी, हिंदुत्ववादी, काँग्रेसमधून बाहेर पडलेले, व्यापारी, तालमीतले पैलवान असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक इथं एका सतरंजीवर बसले. भाई दाजीबा देसाई त्यांच्यात होते, ‘तरुण भारत’चे बाबूराव ठाकूर होते, कॉम्रेड कृष्णा मेणसे होते. बा. रं. सुंठणकर १९५७ ला बेळगावातून विधानसभेत गेले. ज्या विधानसभेत बसायचंच नाही असं म्हणायचं, तिथंच निवडून जाऊन ‘आम्हाला इथं ठेवू नका’ हे मराठीत सांगायचं, अशी ती अवघड भूमिका होती. १९५८ ला सत्याग्रह झाला, पाठोपाठ साराबंदी. सारा भरायचा नाही म्हणजे जप्ती येणार, घरातली भांडी आणि गोठ्यातली जनावरं जाणार, हे कळून-सवरून शेतकऱ्यांनी तो निर्णय घेतला.

१९६० मध्ये दोन्ही राज्यांची चौघांची समिती नेमली गेली, तिचं एकमत झालं नाही. १९६६ मध्ये सेनापती बापट या प्रश्नासाठी उपोषणाला बसले तेव्हा ते पंचाऐंशी वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. आयोगाची मागणी महाराष्ट्राची होती. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला आणि समितीच्या आयुष्यातली सर्वांत कठीण परीक्षा सुरू झाली.

महाजन आयोगानं काहीच दिलं नसतं तर प्रश्न सोपा होता. पण त्यानं २६४ गावं महाराष्ट्राला देऊ केली आणि त्यात निपाणी होती, खानापूर होतं, नंदगड होतं. २४७ गावं कर्नाटकाला. बेळगाव शहर मात्र महाराष्ट्राला नाही; तिन्ही बाजूंनी कन्नड भाग आहे, जिल्ह्याचं ठाणं आहे, अशी कारणं. आता निपाणीच्या माणसाच्या जागी क्षणभर उभं राहून पाहावं. गाव पुणे-बंगळूर रस्त्यावर, कोल्हापूर तासाभरावर, तंबाखूचा व्यापार, सोयरीक, दवाखाना सगळं त्या बाजूला. नुसतं ‘बरं’ म्हटलं की आपलं गाव महाराष्ट्रात. आणि ‘नाही’ म्हणायचं ते बेळगावसाठी. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, म्हैसूरनं तो जसाच्या तसा मागितला, आणि निपाणी-खानापूरनं बेळगावची साथ सोडली नाही.

हा निर्णय बरोबर होता का? सीमाभागात आजही यावर हळू आवाजात वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पंचावन्न-साठ वर्षांत निपाणीच्या तीन पिढ्यांनी याची किंमत मोजली. माझं मत असं की महाजन अहवाल स्वीकारणं म्हणजे मोजपट्टी टाकून देणं होतं. खेडे हा घटक धरला नाही, कसोटी गावागणिक बदलली, आणि तरीही आपल्याला काही मिळालं म्हणून गप्प बसलो, असं झालं असतं तर उरलेल्या गावांसाठी मागायला तोंड राहिलं नसतं. पण हे मत बेळगावच्या बाजूनं मांडणं सोपं आहे. निपाणीकरानं ते मांडलं तर त्याचं वजन वेगळं. समितीच्या इतिहासात बेळगावच्या सभांची वर्णनं भरपूर आहेत. निपाणीच्या या त्यागावर त्या मानानं फार थोडं लिहिलं गेलं आहे.

त्यानंतर १९६९ मध्ये प्रश्न मुंबईच्या रस्त्यावर पेटला, शिवसेनेच्या आंदोलनात अनेक माणसं गेली, बाळासाहेब ठाकरे तुरुंगात गेले. मुंबईत पेटलं की बेळगावला वाटायचं आता सुटणार, आणि विझलं की पुन्हा आपण आणि आपली गल्ली. हे चढउतार समितीच्या पाचवीलाच पुजलेले आहेत.

१९८६ चं आंदोलन याहून वेगळं. शिक्षणात आणि कारभारात कन्नडची सक्ती आली तेव्हा मागणी राज्य बदलण्याची नव्हती, मुलांच्या पाटीवरची होती. जून महिन्यात महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या सीमेवर आल्या. पोलिसांचा पहारा चुकवून शरद पवार वेषांतर करून बेळगावात पोचले, छगन भुजबळही तसेच आले. पण मोल दिलं ते पुन्हा आसपासच्या खेड्यांनी. गोळीबारात नऊजण गेले. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे आणि १ जूनला तिथं अभिवादन होतं. या लढ्यातून समितीला एक गोष्ट उमगायला हवी होती. महाराष्ट्रात जाणं हे ध्येय आहेच. पण जोपर्यंत जाणं होत नाही तोपर्यंत मराठी शाळा, मराठी उतारा, मराठी परिपत्रक यांसाठी रोज लढावं लागेल. बराच काळ समितीतल्या काहींना हे दुसरं काम कमीपणाचं वाटलं. कर्नाटकाकडे मराठीतून कागद मागितला तर कर्नाटकात राहणं कबूल केल्यासारखं होईल, अशी ती भीती. मला ही भीती चुकीची वाटते. घटनेचं कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयी बोलतं आणि ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमतं. ही दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आली, म्हणजे राज्यांच्या फेररचनेच्या सोबतच. रेघेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्या माणसांसाठीच ती लिहिली होती. जिथं अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, या तरतुदीवर बोट ठेवून समितीनं जिल्हाधिकाऱ्यांकडे मोर्चे नेले ते पुढे. आधी नेले असते तर बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीच्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ कमी आली असती.

२००४ हे पुढचं वळण. २९ मार्चला महाराष्ट्र सरकारनं घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मूळ दावा क्रमांक ४, ८६५ गावांसाठी. यामागे वर्षानुवर्षं दस्तऐवज गोळा करणारी माणसं होती आणि त्यांत प्रा. एन. डी. पाटील अग्रभागी होते. कर्नाटकाचं म्हणणं असं की सीमा ठरवणं हे संसदेचं काम, न्यायालयाचं नव्हे. २०१४ मध्ये साक्षी नोंदवण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली, पण दाव्याच्या अधिकारक्षेत्राचा मुद्दा पुन्हा आडवा आला आणि घोडं तिथंच अडलं.

दावा दाखल झाल्यावर बेळगाव कोणाचं हे दाखवण्याची घाई दोन्ही बाजूंना सुरू झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात बंगळुरात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि महापालिका बरखास्त झाली. २००६ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन प्रथमच बेळगावात भरलं. समितीनं त्याला उत्तर म्हणून महामेळावा घेतला आणि तीही प्रथा झाली. २०१२ मध्ये अधिवेशनांसाठी सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. २०१४ मध्ये जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक हटवला गेला, लाठ्या चालल्या, आणि १ नोव्हेंबरला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. समितीला या प्रत्येक टप्प्यावर रस्त्यावर यावं लागलं. दुसऱ्यानं ठरवलेल्या तारखांमागे धावताना स्वतःचं काम मागे पडतं, आणि तसं ते पडलं.

निवडणुकांचं बोलायलाच हवं, कारण समिती जिथं सर्वांत जास्त भरकटली ती जागा ही आहे. एके काळी बेळगाव, उचगाव, बागेवाडी, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून समितीचे आमदार जात. मतदारसंघांच्या फेररचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघच उरले नाहीत. २००८ ला समितीचा एकही आमदार आला नाही. २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर असे दोन आले. २०१८ ला पुन्हा शून्य, २०२३ ला शून्य. फेररचना हे एक कारण आहे, राष्ट्रीय पक्षांनी मराठी मतांना घातलेली साद हे दुसरं. पण सर्वांत जिव्हारी लागणारं कारण घरातलं. एकाच मतदारसंघात समितीचे दोन-दोन उमेदवार, दोन गट, आणि दोघांच्याही तोंडी हुतात्म्यांची नावं. ज्या बैठकीत पूर्वी शेकापवाला आणि हिंदुत्ववादी एकत्र बसत, तिथं एकाच विचाराची माणसं वेगळी बसू लागली. निवडणूक ही समितीसाठी लोकेच्छा मोजून दाखवायची रीत होती. ती उमेदवारीची चढाओढ झाली तेव्हा मोजपट्टीच वाकली.

तरी पूर्ण चित्र एवढंच नाही. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीचा एक तरुण उमेदवार उभा राहिला आणि त्याला एक लाख सतरा हजारांच्या आसपास मतं पडली. भाजपचा विजय साडेपाच हजारांहून कमी मतांनी झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली, ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या आणि समिती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. पाच महिन्यांच्या अंतरानं शहरातले तेच मतदार. एकदा त्यांनी सांगितलं की प्रश्न आम्ही विसरलेलो नाही, आणि दुसऱ्यांदा सांगितलं की गटार-पाण्यासाठी तुमच्या भांडणात आम्ही पडणार नाही. या दोन निकालांना एकत्र वाचणारा नेता समितीला हवा आहे.

१७ जानेवारी २०२२ ला एन. डी. पाटील गेले. तो हुतात्मा दिन होता. त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही विधिमंडळांनी पाच दिवसांच्या अंतरानं एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राचा ठराव २७ डिसेंबरचा, ८६५ गावांचा. दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातल्या नेत्यांना अडवण्यासाठी पोलीस उभे राहिले. महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना या गावांना लागू केली तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली. निपाणीच्या मुलाला मात्र दोन राज्यांत जगण्याची फार आधीपासून सवय आहे. त्याचं देवचंद कॉलेज गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरात आहे. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि विद्यापीठ शिवाजी. तो रोज सकाळी राज्य ओलांडून शिकायला जातो आणि दुपारी परत येतो.

आता समितीपुढे जे काम आहे त्यात घोषणेपेक्षा नोंदीचा भाग मोठा आहे, असं मला वाटतं. दावा सुनावणीला येईल तेव्हा साक्षी लागतील. १९५६ ला वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीत आहे. कॉम्रेड मेणसे जानेवारी २०२५ मध्ये गेले, आणि त्यांच्या पिढीतलं आता कोण उरलंय हे मोजायला वेळ लागत नाही. साराबंदीत ज्यांच्या घरची भांडी जप्त झाली त्यांची मुलं अजून आहेत. १९८६ ला हिंडलग्यात होते ते साठीत आहेत. निपाणीत कमळाबाई मोहित्यांना पाहिलेलं कोणी असेल तर त्या माणसाचं बोलणं कोणीतरी लिहून घ्यायला हवं. प्रत्येक घटक समितीनं आपापल्या गावांची वाटणी करावी, एका गावाला दोन तरुण द्यावेत, शाळेची जुनी हजेरीपुस्तकं, ग्रामपंचायतीचे मराठीतले ठराव, देवस्थानच्या वह्या, जप्तीच्या नोटिसा हे सगळं गोळा करून त्याच्या प्रती काढाव्यात. खेडे हा घटक धरून मागणी केली, तसाच खेडे हा घटक धरून तिचा इतिहास जमवावा. हे काम कोणाच्या परवानगीवाचून करता येतं आणि येत्या पावसाळ्याआधी सुरू करता येतं.